लघुग्रहांवरची सुटी दगडमाती कशी तयार होते? ‘स्मॉल बॉडी मॅपिंग टूल’ या सॉफ्टवेअरचे परीक्षण

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीने तयार केलेले ‘स्मॉल बॉडी मॅपिंग टूल’ हे सॉफ्टवेअर लघुग्रह, धूमकेतू आणि ग्रहांचे छोटे उपग्रह यांच्या पृष्ठभागाच्या अभ्यासासाठी आहे आणि ते विनामूल्य मिळते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी ते नियमितपणे वापरतो. त्याच्या सगळ्या सोयींची ओळख करून देण्याचा येथे हेतू नाही. लघुग्रहांच्या पृष्ठभागावर दगडधोंडे, खडी, रेती आणि धूळ यांचा जो सुटा थर असतो, ज्याला शास्त्रज्ञ रेगोलिथ म्हणतात, तो कसा तयार होतो आणि कसा सरकतो हे समजून घेण्यासाठी हे साधन कितपत उपयोगी आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत असे की या विषयावर सामान्य वाचकाला आणि पदवीच्या विद्यार्थ्याला इतके हाताशी येणारे दुसरे साधन मला माहीत नाही, कारण यानांनी टिपलेले छायाचित्र, त्याखालचा खरा आकार आणि त्या जागचे गुरुत्व या तिन्ही गोष्टी ते एकाच पडद्यावर एकत्र आणते. मात्र दगड फुटण्याची क्रिया या साधनात दिसत नाही, फुटल्यानंतरचे काय ते दिसते, आणि हा फरक लक्षात ठेवूनच त्याचा वापर करायला हवा.

हा प्रश्न मुळात अवघड का आहे, ते आधी सांगायला हवे. चंद्रावर रेगोलिथ असणे स्वाभाविक वाटते. अब्जावधी वर्षे उल्का आदळल्या, खडक फुटले आणि उडालेला चुरा चंद्राच्या गुरुत्वाने पुन्हा खाली आला. पण काही किलोमीटरच्या किंवा काहीशे मीटरच्या लघुग्रहावर गुरुत्व इतके क्षीण असते की आघाताने उडालेला चुरा अवकाशात निघून जावा आणि मागे उघडा खडक राहावा, असाच तर्क अनेक वर्षे केला जात असे. गॅलिलिओ यानाने १९९१ मध्ये गॅस्प्रा आणि १९९३ मध्ये आयडा या लघुग्रहांची जवळून छायाचित्रे घेतली तेव्हा त्या तर्काला पहिला धक्का बसला. पुढे २००० मध्ये नियर शूमेकर यान एरॉसभोवती फिरू लागले आणि त्या ३४ किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावर दगडगोट्यांनी भरलेला जाड सुटा थर सर्वत्र दिसला. त्यानंतर इटोकावा, रयुगू आणि बेन्नू या प्रत्येक लघुग्रहाने निराळे चित्र दाखवले, त्यामुळे एकच सूत्र सगळीकडे लावून चालत नाही हे स्पष्ट झाले.

सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. सुरू केल्यावर डाव्या बाजूला लघुग्रह, धूमकेतू, उपग्रह अशी वर्गवारी केलेली यादी दिसते. त्यातून एरॉस निवडला, की रॉबर्ट गॅस्केल यांनी यानाच्या छायाचित्रांवरून बांधलेले त्रिमितीय प्रारूप पडद्यावर येते आणि माऊसने ते हवे तसे फिरवता येते. हे प्रारूप छोट्या त्रिकोणी चकत्यांचे बनलेले असून चार पातळ्यांवर उपलब्ध आहे. सर्वांत साध्या पातळीत ४९,१५२ चकत्या आहेत आणि सर्वांत बारीक पातळीत ३१ लाख ४५ हजार ७२८. घरच्या साध्या लॅपटॉपवर पहिल्या दोन पातळ्यांवरच काम करावे. बारीक पातळीला भरपूर रॅम आणि बरे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि आपल्या कामासाठी दर वेळी तिची गरज नसते. मूळ माहिती मागणीनुसार सर्व्हरवरून उतरवली जाते, म्हणून पहिल्या वेळी इंटरनेट चांगले असलेले बरे.

छायाचित्रे शोधण्याची सोय हे या साधनाचे पहिले बलस्थान आहे. नियर शूमेकरने एरॉसची सुमारे १,६०,००० छायाचित्रे घेतली. त्यांतून आपल्याला हव्या त्या भागाची, हव्या त्या स्पष्टतेची आणि सूर्यप्रकाशाच्या हव्या त्या कोनाची छायाचित्रे निवडता येतात. नवख्या माणसाचे सहसा प्रकाशाच्या कोनाकडे लक्ष जात नाही, पण सुटे दगड पाहायचे असतील तर सगळे काही त्यावरच अवलंबून असते. सूर्य डोक्यावर असताना घेतलेल्या छायाचित्रात दगड आणि जमीन एकमेकांत मिसळून जातात. सूर्य क्षितिजाजवळ असतानाचे छायाचित्र घेतले, की प्रत्येक धोंड्याची लांब सावली पडलेली दिसते आणि सावलीच्या लांबीवरून त्याची उंचीही काढता येते. निवडलेले छायाचित्र थेट त्रिमितीय प्रारूपावर चढवता येते, आणि मग ते सपाट चित्र न राहता कड्यावर, खळग्यात, उतारावर आपल्या जागी जाऊन बसते. धोंडे उताराच्या तळाशी साठले आहेत की माथ्यावर विखुरले आहेत, याचा उलगडा नुसते छायाचित्र पाहून क्वचितच होतो.

एरॉसवर सर्वांत आधी पाहावे ते शूमेकर या नावाने ओळखले जाणारे विवर. त्याचा व्यास सुमारे ७.६ किलोमीटर आहे. एरॉसवरच्या १५ मीटरपेक्षा मोठ्या धोंड्यांची मोजदाद पीटर थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ती संख्या ६,७६० भरली, आणि त्यांतील बहुतेक धोंडे या एकाच विवराच्या आघातातून उडून आले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विवराची कड आणि त्याभोवतीचा भाग पडद्यावर आणून धोंड्यांवर खुणा करत गेले, की त्या निष्कर्षामागचा पुरावा आपल्या नजरेसमोर उभा राहतो. रेगोलिथ तयार होण्याची ही सर्वांत परिचित पद्धत आहे. मोठा आघात होतो, खडक फुटतो, आणि जे तुकडे निसटण्याच्या वेगापेक्षा कमी वेगाने उडतात ते लघुग्रहाभोवती दूरवर जाऊन पडतात.

‘दूरवर’ म्हणजे किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. एरॉसवर गुरुत्वीय त्वरण जागोजाग बदलते. ते सेकंदवर्गाला ४ मिलिमीटर धरले आणि दगड सेकंदाला ५ मीटर वेगाने ४५ अंशांच्या कोनात उडाला असे मानले, तर सपाट जमिनीच्या हिशेबाने तो ६ किलोमीटरहून अधिक अंतरावर पडेल. पृथ्वीवर हवेचा विरोध सोडला तर तोच दगड अडीच मीटरवर पडतो. आपल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि आघातात उडालेल्या बेसाल्टच्या चुऱ्याचा थर त्याच्या कडेबाहेर किलोमीटरभराच्या थोडा पुढेपर्यंत आढळतो. लोणारला जाऊन कडेबाहेरचा तो थर पाहिलेल्या विद्यार्थ्याला एरॉसवर एका विवराचे दगड जवळजवळ अर्ध्या लघुग्रहावर कसे पसरले, हे सांगावे लागत नाही. त्वरणाचा आकडा दाखवला की पुरते. हा आकडा या साधनात प्रत्येक चकतीसाठी उपलब्ध आहे, आणि एरॉसच्या टोकांशी तो कमी व मधल्या कमरेशी जास्त कसा होतो ते रंगांच्या पट्टीवर लगेच दिसते.

शूमेकर विवराने आणखी एक काम केले आहे. ते पाहण्यासाठी सॉफ्टवेअरमधील खुणा करण्याच्या सोयीचा आधार घ्यावा लागतो. तेथे बिंदू, रेषा, वर्तुळ, लंबवर्तुळ आणि बहुभुज काढता येतात. वर्तुळ काढायचे तर विवराच्या कडेवर तीन ठिकाणी क्लिक करायचे, की त्याचा व्यास आणि मध्याचे अक्षांश-रेखांश मिळतात. काढलेल्या सर्व खुणा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवता येतात आणि कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडता येतात. मी विद्यार्थ्यांना दोन सारख्या क्षेत्रफळाचे भाग नेमून देतो, एक शूमेकर विवराजवळचा आणि दुसरा त्यापासून दूरचा, आणि दोन्हींतील २०० ते ५०० मीटर व्यासाची विवरे मोजायला सांगतो. जवळच्या भागात ती ठळकपणे कमी आढळतात. थॉमस आणि मार्क रॉबिन्सन यांनी २००५ मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते. शूमेकर विवर तयार होताना जो हादरा बसला, त्याने सुमारे ९ किलोमीटर अंतरापर्यंत, म्हणजे एरॉसच्या जवळजवळ ४० टक्के पृष्ठभागावर, अर्धा किलोमीटरपर्यंतच्या व्यासाची जुनी विवरे पुसून टाकली. हे अंतर पृष्ठभागावरून फिरून मोजलेले नाही, लघुग्रहाच्या आरपार सरळ मोजलेले आहे, कारण हादऱ्याच्या लहरी त्याच्या अंतर्भागातून गेल्या. त्रिमितीय प्रारूप हातात असल्याशिवाय हा मुद्दा वर्गात समजावणे जवळजवळ अशक्य होते. एका आघाताने दगड तयार केले आणि त्याच हादऱ्याने आधीची सुटी माती हलवून खड्डे बुजवले, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र वाचता येतात.

आता उताराकडे वळू, कारण माझ्या मते या साधनाचे खरे मोल तेथे आहे. पृथ्वीवर उतार कोणता हे डोळ्यांना कळते. अनियमित आकाराच्या आणि स्वतःभोवती वेगाने फिरणाऱ्या लघुग्रहावर ते डोळ्यांना कळत नाही. एरॉस ५ तास १६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून केंद्रापसारक परिणाम गुरुत्वाच्या तुलनेत नगण्य धरता येत नाही. जे ठिकाण आपल्याला डोंगराचा माथा वाटते ते गुरुत्वाच्या हिशेबाने सखल असू शकते आणि जी दरी वाटते ती उंचावर असू शकते. सॉफ्टवेअर आकार, घनता आणि परिवलन यांवरून प्रत्येक चकतीवरील एकूण त्वरणाची दिशा काढते आणि पृष्ठभागाशी तिचा कोन किती आहे ते रंगात दाखवते. एरॉस या रंगांत पाहिला की बहुतेक भाग ३०-३५ अंशांच्या आत असल्याचे दिसते. सुटी खडी आणि रेती ज्या कोनापर्यंत न घसरता टिकून राहते, तोही साधारण इतकाच असतो. एवढ्यावरून पृष्ठभाग सुट्या मातीचा आहे हे सिद्ध होत नाही, पण अखंड खडकाचे कडे असते तर उतारांना ही मर्यादा पाळण्याचे काही कारण नव्हते.

एरॉसवरच्या काही विवरांच्या तळाशी अगदी सपाट, गुळगुळीत, आजूबाजूपेक्षा किंचित निळसर दिसणारे साठे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना तळी म्हणतात. त्यांत पाणी अर्थातच नाही, अतिशय बारीक कणांची माती आहे. १२ फेब्रुवारी २००१ रोजी नियर शूमेकर एरॉसवर उतरले तेव्हा उतरतानाच्या शेवटच्या छायाचित्रांत असे सपाट साठे फार जवळून दिसले. अगदी शेवटचे छायाचित्र १२० मीटर उंचीवरून घेतलेले असून त्यात केवळ ६ मीटर रुंदीचा भाग आहे. ही तळी उताराच्या नकाशावर ठेवून पाहिली की त्यांचा तळ त्या जागच्या ‘खाली’ या दिशेला काटकोनात असतो, पाणी साठावे तसा, हे लगेच पडताळता येते. ती कशी बनली यावर आजही एकमत नाही. बारीक धूळ सूर्यप्रकाशाने विद्युतभारित होऊन उचलली गेली आणि छायेतल्या खळग्यात बसली, असे एक मत आहे. आघातांच्या हादऱ्यांनी बारीक कण खाली उतरले, असे दुसरे. विवरात पडलेला एखादा मोठा धोंडाच जागच्या जागी झिजून त्याची माती तळाशी पसरली, असे तिसरे मत २०१० मध्ये मांडले गेले. यांपैकी बहुतेक तळी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात आहेत, ही गोष्ट तिन्ही मतांना तपासून पाहण्यासारखी आहे. मला तिसरे मत काही तळ्यांपुरते अधिक पटते, कारण अनेक ठिकाणी तळ्याच्या मध्यात अर्धवट बुडालेला धोंडा शिल्लक दिसतो. तथापि सगळी तळी एकाच कारणाने बनली असावीत असे मानण्याची गरज नाही.

यादीत एरॉसनंतर इटोकावा घ्यावा. लांबी केवळ ५३५ मीटर, घनता १.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे आतील सुमारे ४० टक्के जागा पोकळ. तो मोठ्या पिंडाच्या विध्वंसानंतर त्याच्या तुकड्यांचा पुन्हा जमलेला ढीग आहे. येथे ‘रेगोलिथ कसा तयार झाला’ या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. पृष्ठभागावरचे बहुतेक मोठे दगड त्यावरच्या विवरांतून उडालेले असूच शकत नाहीत, कारण एवढे मोठे विवर त्या इवल्या पिंडावर बसतच नाही. सुमारे ५० मीटरचा योशिनोदाई हा धोंडा पडद्यावर आणून शेजारी सर्वांत मोठ्या विवरासारख्या खळग्याची मोजपट्टी धरली, की हे कोणालाही पटते. ते दगड इटोकावाच्या जन्माबरोबरच आले. उरलेला भाग मात्र गुळगुळीत आहे, विशेषतः म्युझेस-सी या नावाने ओळखला जाणारा पट्टा, जेथे सेंटिमीटरच्या आसपासची खडी पसरलेली आहे. हिदेआकी मियामोतो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की हे गुळगुळीत भाग गुरुत्वविभव, म्हणजे गुरुत्व आणि परिवलन यांच्या हिशेबाने येणारी त्या जागेची ‘उंची’, सर्वांत कमी असलेल्या जागांशी जुळतात आणि त्यांच्या कडेला खडे एकमेकांवर ओळीने कलंडलेले आहेत, वाहत्या नदीच्या पात्रात गोटे कलंडलेले दिसतात तसे. सॉफ्टवेअरमध्ये गुरुत्वविभवाचा रंग लावून वर छायाचित्र चढवले, की खडी कोठून निघाली आणि कोठे थांबली हे दिसते. या साधनातला हा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. इटोकावावर हातातून सोडलेला दगड दीड मीटर खाली यायला तीन मिनिटांहून अधिक वेळ घेतो, अशा ठिकाणीही सुटी खडी उतार शोधत वाहत जाते, ही गोष्ट शब्दांत सांगून पटत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उतार आणि विभव यांची गणिते संपूर्ण पिंडाची घनता सगळीकडे सारखी आहे असे धरून केलेली असतात. एरॉसच्या बाबतीत ही गृहीत गोष्ट बरीचशी खरी ठरली, कारण यानाच्या कक्षेवरून मोजलेले गुरुत्व एकसारख्या घनतेच्या प्रारूपाशी चांगले जुळले. इटोकावाच्या बाबतीत मात्र २०१४ मध्ये स्टीफन लोरी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या परिवलनाचा वेग किंचित वाढत असल्याच्या मोजमापावरून निष्कर्ष काढला, की त्याच्या दोन भागांची घनता निरनिराळी असावी, एकाची सुमारे १.७५ आणि दुसऱ्याची सुमारे २.८५. तसे असेल तर ‘खाली’ ही दिशाच थोडी बदलते. म्हणून इटोकावाचे उतार एक-दोन अंशांपर्यंत नेमके मानून त्यावर निष्कर्ष उभारू नयेत. रंगीत नकाशा पडद्यावर इतका ठाम दिसतो, की त्यामागचे गृहीतक विद्यार्थ्यांच्या लक्षातून सहज निसटते, आणि ते शिक्षकाने आवर्जून सांगावे.

दगड फुटण्याच्या कारणांपैकी आघात हे एकच कारण नाही, आणि हे साधन नेमके येथे अपुरे पडते. नीस येथील वेधशाळेतील मार्को डेलबो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशनींचे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांचे, नमुने प्रयोगशाळेत पुन:पुन्हा तापवून आणि थंड करून पाहिले. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने दगडाच्या आत सूक्ष्म भेगा वाढत जातात आणि काही सेंटिमीटरपेक्षा मोठे दगड अशा रीतीने सूक्ष्म उल्कांच्या माऱ्यापेक्षा अधिक वेगाने फुटतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बेन्नूवर एक फेरी सुमारे ४.३ तासांची आहे, म्हणून तापणे आणि निवणे यांचे चक्र तेथे अखंड चालते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानांत १०० अंश सेल्सियसहून अधिक फरक पडतो. ओसायरिस-रेक्स यानाच्या छायाचित्रांत बेन्नूवरच्या धोंड्यांवरून पातळ पापुद्रे सुटताना दिसले. दख्खनच्या काळ्या दगडावर घाटरस्त्यांच्या कापांत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले आपण पाहतो. पण तेथे पाण्यामुळे होणारी रासायनिक झीज हे मुख्य कारण आहे आणि बेन्नूवर पाणी वाहत नाही, म्हणून दोन्ही पापुद्रे सारखे दिसले तरी कारणे वेगळी आहेत, हे भूशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्याने विसरू नये. बेन्नूचे प्रारूप या साधनात फिरवून पाहता येते आणि धोंडेही ओळखता येतात. परंतु पापुद्र्यांची जाडी काही सेंटिमीटर असल्याने ती प्रारूपात उतरत नाही, आणि तापमानाचा इतिहास तर त्यात नाहीच.

बेन्नूने संशोधकांना एक आश्चर्यही दिले. दुरून केलेल्या उष्णतेच्या मोजमापावरून त्याचा पृष्ठभाग सेंटिमीटरभर खडीचा, बराचसा मऊ असेल अशी अपेक्षा होती. २०१८ च्या अखेरीस यान पोहोचले तेव्हा सर्वत्र धोंडेच धोंडे दिसले. उत्तर दगडांच्या सच्छिद्रतेत सापडले. साव्हेरियो काम्बिओनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की जेथे दगड अधिक सच्छिद्र आहेत तेथे बारीक माती कमी आढळते. छिद्रे असलेला दगड आघात झाल्यावर फुटण्याऐवजी दबतो, आणि त्यात उष्णतेच्या भेगाही सावकाश वाढतात. म्हणजे कोणत्या लघुग्रहावर किती बारीक माती तयार होईल हे त्याच्या वयाइतकेच त्याच्या दगडाच्या जातीवर ठरते. एरॉस व इटोकावा हे घट्ट दगडांचे, आणि बेन्नू व रयुगू हे सच्छिद्र, कार्बनयुक्त दगडांचे. या चौघांची प्रारूपे एकामागून एक उघडून पाहिली की हा भेद आपोआप नजरेत भरतो, आणि अशा तुलनेसाठी दुसरे साधन शोधत बसण्याची गरज पडत नाही.

कणांच्या पातळीवर जायचे असेल तर मात्र हे साधन बाजूला ठेवून आणलेल्या नमुन्यांचे अहवाल वाचावे लागतात. हायाबुसा यानाने इटोकावावरून २०१० मध्ये दीड हजारांहून अधिक कण आणले. त्यांतील काहींच्या कडा गोलसर झिजलेल्या आढळल्या, म्हणजे ते एकमेकांवर घासले गेले होते, आणि गुरुत्वविभवाच्या नकाशावर दिसणाऱ्या खडीच्या प्रवासाशी हे चांगले जुळते. कणांत अडकलेल्या वायूंच्या मोजमापावरून असेही दिसले की इटोकावा दर दहा लाख वर्षांत आपल्या पृष्ठभागाचा दहा-वीस किंवा त्याहून अधिक सेंटिमीटरांचा थर अवकाशात गमावत असावा. हायाबुसा-२ ने ५ एप्रिल २०१९ रोजी रयुगूवर २ किलो वजनाचा तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगाने आदळवला आणि १४ मीटरहून मोठे विवर पडले. एवढे मोठे विवर पडले याचा अर्थ कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे बळ तेथे जवळजवळ नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ओसायरिस-रेक्सचा हात बेन्नूला टेकला तेव्हा तो सुमारे अर्धा मीटर आत घुसला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आलेल्या त्याच्या कुपीत १२१.६ ग्रॅम माती निघाली. धोंड्यांनी भरलेल्या त्या पृष्ठभागाखाली इतकी सैल माती असेल हे केवळ आकाराच्या प्रारूपावरून कोणी सांगू शकले नसते.

वापरातील सोयीबद्दल थोडक्यात. पडद्यावरील सर्व मजकूर इंग्रजीत आहे आणि संज्ञा संशोधकांच्या वापरातील आहेत. प्रकाशाचा आपाती कोन (सूर्यकिरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांतील कोन), कलाकोन (सूर्य आणि यान यांच्या दिशांतील कोन), गुरुत्वविभव या संकल्पना आधी समजून घेतल्या नाहीत तर शोधाच्या चौकटीत काय भरायचे हेच कळणार नाही. शाळेतील विद्यार्थ्याला हे साधन एकट्याने देऊ नये. शिक्षकाने शेजारी बसून पहिले एक-दोन प्रयोग करून घ्यावेत. लघुग्रहांच्या कक्षा आणि याने कोठे आहेत एवढेच पाहायचे असेल तर नासाची ब्राउझरमध्ये चालणारी ‘आइज ऑन अॅस्टेरॉइड्स’ ही सोय अधिक सोपी आहे, पण तिच्यात मोजमाप करता येत नाही. उलट टोकाला नासाचे ग्रहविज्ञान माहितीभांडार आहे. तेथे मूळ छायाचित्रे सगळी मिळतात, पण ती प्रारूपावर बसवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. या दोहोंच्या मध्ये हे सॉफ्टवेअर बसते, आणि रेगोलिथच्या अभ्यासासाठी नेमकी हीच जागा हवी.

पदवीच्या वर्गासाठी माझी शिफारस अशी आहे. पहिल्या दिवशी इटोकावा घ्यावा, सर्वांत साध्या पातळीचे प्रारूप उघडावे आणि गुरुत्वविभवाच्या रंगावर म्युझेस-सी पट्टा शोधायला सांगावा. आकार छोटा असल्याने संगणकावर ताण येत नाही आणि निकाल पहिल्याच प्रयत्नात दिसतो. त्यानंतर एरॉसवर शूमेकर विवराभोवतीची विवरगणना द्यावी, आणि ती करताना प्रकाशाचा आपाती कोन ६० अंशांच्या आसपास असलेली छायाचित्रेच निवडायला सांगावीत. बेन्नू आणि रयुगू शेवटी घ्यावेत, आणि त्या वेळी नमुन्यांवरचे अहवाल सोबत ठेवावेत. पुढील आवृत्त्यांत प्रत्येक चकतीसाठी दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाचा एक रंग जोडला गेला, तर उष्णतेने दगड फुटण्याचा विषयही याच साधनातून शिकवता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपीय अवकाश संस्थेचे हेरा यान २०२६ च्या अखेरीस डिडिमॉस हा लघुग्रह आणि त्याचा छोटा उपग्रह डिमॉर्फॉस या जोडीपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. नासाच्या डार्ट यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिमॉर्फॉसवर मुद्दाम दिलेल्या धडकेनंतर तेथील सुट्या दगडांची काय स्थिती आहे हे हेराच्या छायाचित्रांतून कळेल, आणि ती छायाचित्रे या साधनात आली की शूमेकर विवरावर केलेला विवरगणनेचा पाठ त्या छोट्या उपग्रहावरही करून घेता येईल.